२४ पिन आधी की सीपीयूची ८ पिन आधी? वर्गातल्या तक्त्यासाठी क्रम ठरवायचाय

पोवई नाका | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, साताऱ्यातल्या एका हार्डवेअर वर्गासाठी भिंतीवर लावायचा तक्ता करतोय. विषय एकच, एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, केबल मदरबोर्डला कशा आणि कोणत्या क्रमानं जोडायच्या. मुलं बारावी आणि आयटीआयची आहेत. हात चांगला आहे, पण घाई फार. तक्ता ए-३ कागदाचा, बारा-चौदा ओळींच्या वर काही मावणार नाही.

माझा कच्चा क्रम असा: एसएमपीएस चार स्क्रूंनी कॅबिनेटमध्ये बसवायचा. बोर्ड स्टँडऑफवर (बोर्ड पत्र्यापासून वर धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) बसवायचा. मग २४ पिनचा मुख्य कनेक्टर, मग प्रोसेसरजवळचा ८ पिन, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची केबल, मग साटा (हार्ड डिस्क, एसएसडीची केबल), आणि शेवटी समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी.

प्रश्न दोन आहेत. २४ पिन आधी लावली की ८ पिन आधी, यानं खरंच फरक पडतो का? आणि सगळं आधी टेबलावर जोडून चालू करून बघायचं की थेट कॅबिनेटमध्ये? मी टेबलाच्या बाजूचा आहे, पण त्यात वेळ जातो असं बरेच जण म्हणतात. कारणासकट सांगा. मुलं कारण विचारतात आणि विचारलंच पाहिजे.

गणपती पेठ | सोमवार, रात्री ९:३४

विजेच्या दृष्टीनं क्रमाला काही अर्थ नाही. जोडताना करंटच नसतो. फरक पडतो तो हाताला.

सीपीयूचा ८ पिनचा सॉकेट बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, अगदी कॅबिनेटच्या छताला लागून. केबल मागच्या बाजूनं वरच्या भोकातून पुढे यायची असते. बोर्ड स्क्रूनं आवळला की बोर्डाची कड आणि ते भोक यात इतकी कमी फट उरते की कनेक्टर त्यातून निघतच नाही. वरती पंखा किंवा रेडिएटर असेल तर बोटंही जात नाहीत. मग पोरं काय करतात, केबल बोर्डावरून, कूलरच्या पंख्याजवळून तिरकी ओढून आणतात. ती पंख्याच्या पात्याला लागते.

म्हणून तक्त्यात लिहा: "सीपीयूची केबल बोर्ड बसवण्याआधी भोकातून ओवून ठेवा." लावायची नंतर, ओवायची आधी. २४ पिन उजव्या कडेला मोकळ्या जागेत असते, ती कधीही लावा.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:५२

+१. पण तक्त्याची पहिली ओळ तीही नाही. पहिली ओळ: वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा छोटा दिवा विझला का बघा.

मशीन बंद असलं तरी एसएमपीएसला मेन्स मिळतोय तोवर ९ नंबरच्या पिनवर, जांभळ्या वायरीत, ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच असतो. त्यावरच बटण आणि नेटवर्कवरून मशीन उठवायची सोय चालते. या स्थितीत रॅम किंवा कार्ड काढलं-घातलं तर बोर्ड जायची शक्यता खरी आहे. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, तो बटण दाबल्यानं उतरतो.

वाईकर | सोमवार, रात्री १०:०५

कृष्णाकाठ, इथे थोडा वेगळा विचार. वायर लावलेली ठेवावी आणि एसएमपीएसच्या मागचं बटण बंद, म्हणजे शून्यावर करावं. अर्थिंग जोडलेलं राहतं आणि अंगातली स्थिर वीज कॅबिनेटच्या पत्र्यातून उतरून जाते. बऱ्याच पुस्तकांत हेच असतं.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:२१

वाईकर, अर्थिंग खात्रीचं असेल तर तुमचं बरोबर. अडचण तिथेच आहे. जुन्या वाड्यांत आणि दुकानांत तिसऱ्या भोकात वायर असतेच असं नाही. फेज-न्यूट्रल उलटे असले तर भिंतीवरचं बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच राहतो. अर्थ नसलेल्या ठिकाणी एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे पत्र्याला झिणझिण्या येतात, मेन्सच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज मल्टिमीटरवर दिसतं. करंट अगदी कमी असतो, पण त्या पत्र्याला हात लावून नाजूक बोर्ड धरायचा म्हणजे उद्देशच उलटा झाला.

वर्गात अर्थ मोजून घेतलेला असेल, म्हणजे फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, तर वायर लावून ठेवा. मुलांच्या घरी, गावी ते कोण मोजणार? तक्त्यावर मात्र जे सगळीकडे चालेल तेच हवं. वायर काढा, आणि एसएमपीएसच्या रंग नसलेल्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहा. तुम्ही आणि कॅबिनेट एका पातळीवर आलात की पुरे.

वाईकर | सोमवार, रात्री १०:२६

हे पटलं. तक्त्यासाठी वायर काढणंच बरं.

कुपवाड ब्लॉक | मंगळवार, सकाळी ७:४८

क्रमापेक्षा मोठा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. ८ पिनच्या केबली दोन जातीच्या असतात आणि लांबून सारख्याच दिसतात. बोर्ड जायचं हे एक मोठं कारण आहे.

सीपीयूची ८ पिन ४+४ अशी फुटते. ग्राफिक्सची ६+२ अशी फुटते. सीपीयूच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या (कनेक्टर अडकवून धरणाऱ्या क्लिपच्या) बाजूच्या चारही वायरी पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्ट, आणि समोरच्या चारही काळ्या. ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये बरोबर उलटं: खटक्याच्या बाजूला काळ्या, समोर तीन पिवळ्या आणि एक काळी. म्हणजे चुकीची केबल रेटून घातली तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतो. एसएमपीएस चांगला असेल तर शॉर्ट ओळखून लगेच बंद होतो. हलका असेल तर बंद व्हायच्या आत बोर्डावरचा ट्रॅक जातो.

कनेक्टर करणाऱ्यांनी यावर उपाय ठेवलाय. प्रत्येक पिनभोवतीचं घर काही ठिकाणी चौकोनी, काही ठिकाणी दोन कोपरे छाटलेलं असतं. चौकोनी घर छाटलेल्या भोकात जात नाही. म्हणून योग्य केबल अंगठ्याच्या बेताच्या दाबानं जाते आणि चुकीची अडते. अडली की थांबायचं. मुलं अडल्यावर जोर लावतात, तिथे शिकवणं लागतं.

आता नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या किंवा पट्टीच्या असतात, रंगावर जाता येत नाही. कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर बारीक अक्षरांत सीपीयू किंवा पीसीआय-ई (म्हणजे ग्राफिक्सची) छापलेलं असतं, मोबाईलचा टॉर्च मारून वाचायचं. तक्त्यावर रंगांपेक्षा आकाराचं चित्र मोठं काढा. ४+४ आणि ६+२ शेजारी-शेजारी.

तासगावची | मंगळवार, सकाळी ८:१५

कुपवाड ब्लॉक यांच्या पोस्टला जोडून, अजून एक फसवा कनेक्टर. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये मुख्य कनेक्टर २०+४ असा असतो. त्यातला तो सुटा ४ पिनचा तुकडा दिसायला सीपीयूच्या ४ पिनसारखाच. पण त्यात चार वायरी चार रंगांच्या: पिवळी, नारिंगी, लाल, काळी. म्हणजे १२, ३.३, ५ आणि ग्राउंड. सीपीयूच्या ४ पिनमध्ये दोन पिवळ्या आणि दोन काळ्या, बस्स.

तो तुकडा सीपीयूच्या सॉकेटमध्ये कधीही घालायचा नाही. तो २० पिनच्या कुशीतच लावायचा. शेजारच्या खाचेत सरकवून आधी दोन्ही एक करायचे आणि मग चोवीसही पिना एकदम दाबायच्या. आधी २० दाबून नंतर ४ घुसवायला गेलं की तुकडा तिरका बसतो.

विटेकर भाऊ | मंगळवार, सकाळी ८:४०

नाद खुळा धागा! पहिल्या फटक्यात मशीन चालू झालं तर साताऱ्याचे कंदी पेढे, नाही झालं तर दोष सापडेपर्यंत सांगलीचं भडंग. एवढं तक्त्याखाली लिहाच.

पोवई नाका | मंगळवार, सकाळी ९:०२

भाऊ, पेढ्यांची जबाबदारी माझी. भडंग तुम्ही आणा.

कुपवाड ब्लॉक, तासगावची, दोघांचंही घेतोय. २४ पिन दाबताना बोर्ड वाकतो त्याचं काय? मुलं घाबरतात, आणि घाबरून अर्धवट दाबून सोडतात.

गणपती पेठ | मंगळवार, सकाळी ९:२५

वाकतो, कारण स्वस्तातले मायक्रो एटीएक्स बोर्ड अरुंद असतात आणि त्यांच्या उजव्या कडेला स्क्रूचं भोकच नसतं. ती कड अधांतरी राहते आणि २४ पिनचा सॉकेट नेमका तिथेच. डाव्या हाताची दोन बोटं बोर्डाच्या कडेखाली, सॉकेटच्या बरोबर खाली आधाराला ठेवायची. उजव्या अंगठ्यानं कनेक्टर सरळ खाली दाबायचा. कॅबिनेटमध्ये बोटं जात नसतील तर बोर्ड आत घालण्याआधी टेबलावरच २४ पिन एकदा घालून-काढून घ्यायची. नवा सॉकेट पहिल्यांदा घट्ट असतो, दुसऱ्यांदा हलका जातो.

बसला की नाही हे आवाजावर ठरवू नका. कधी "टक" ऐकू येतो, कधी नाही. खटक्याचं नाक सॉकेटच्या दाताखाली गेलेलं डोळ्यांनी बघायचं आणि कनेक्टर वर ओढून बघायचा. वर आला तर बसला नव्हता. काढताना खटक्याचं वरचं टोक आत दाबायचं, कनेक्टर लांबीच्या दिशेनं हलकासा डोलवायचा, प्लॅस्टिकला धरून. वायरींना धरून ओढलं की आतली पिन घरातून सुटते.

मिरज जंक्शन | मंगळवार, सकाळी १०:११

ही सुटलेली पिन दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून दोन शब्द. कनेक्टर वरून बरोबर बसलेला दिसतो, पण आतली एखादी पिन मागे सरकलेली असते आणि समोरच्या पिनेला भिडतच नाही. मशीन कधी चालतं, कधी नाही, हलवलं की बंद पडतं. ओळखायचं कसं? कनेक्टर लावल्यावर वायरींच्या बाजूनं आत डोकवायचं. सगळ्या पिनांचे धातूचे मागचे भाग एका पातळीत दिसले पाहिजेत. एक मागे आलेली असेल तर ती वायर सुईनाकाच्या पकडीनं पुढे ढकलायची, आत छोटा काटा अडकून थांबते.

दुसरं, १० आणि ११ नंबरच्या पिनांकडे, म्हणजे मुख्य कनेक्टरमधल्या दोन पिवळ्यांकडे बघायची सवय लावा. पकड सैल झाली की तिथे रोध वाढतो, गरम होतं, प्लॅस्टिक आधी पिवळट आणि मग तपकिरी पडतं. तपकिरी झालं असेल तर ती केबल आणि तो सॉकेट दोन्ही संशयित. नुसता एसएमपीएस बदलून उपयोग नाही, जळका सॉकेट नवीन कनेक्टरही खातो.

कराडची लेक | मंगळवार, दुपारी १२:३०

मॉड्युलर एसएमपीएसचं कुणी बोललं नाही. ज्याच्या केबली दोन्ही टोकांनी निघतात तो. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं एकच, ठरलेलं. एसएमपीएसकडच्या टोकाला कोणताही नियम नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्ये अगदी खटक्यासकट बसते आणि आत वायरींची जागा मात्र वेगळी असते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेला की हार्ड डिस्क आणि एसएसडी जागेवर जातात, बोर्ड वाचला तरी.

एकाच कंपनीतही हे होतं. कॉर्सेअर केबलवर टाईप ३, टाईप ४ असं छापते; या दोन टाईपमध्ये २४ पिनची केबल एकमेकींना चालत नाही. म्हणून वर्गात जुन्या केबलींचा एकच डबा ठेवू नका. प्रत्येक एसएमपीएसच्या केबली त्याच्याच पिशवीत, वर मॉडेलचं नाव. एसएमपीएस बदलला की केबलीही सगळ्या बदलायच्या, जुन्या आत ओवलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवायच्या नाहीत.

विटेकर भाऊ | मंगळवार, दुपारी १२:४४

हे लई महत्त्वाचं सांगितलंत, ताई. आमच्याकडं एसएमपीएस बदलून देणारे सर्रास जुन्याच केबली ठेवतात.

यवतेश्वर | मंगळवार, दुपारी २:०५

ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशिनी आपल्याकडे खूप येतात. शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे त्याच. तिथे २४ पिन शोधत बसू नका. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० ला मुख्य कनेक्टर ८ पिनचा आणि सीपीयूला ४ पिन. एचपीच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलना ६ पिन, लेनोव्होच्या काहींना १४ किंवा १० पिन. यांत बोर्डाला मुख्यतः १२ व्होल्टच जातो आणि साटाचे ५ व्होल्ट बोर्डच तयार करून बाहेर देतो.

त्या डेलच्या मुख्य ८ पिनमध्ये सीपीयूची ८ पिन घालायचा मोह होतो. घालू नका, वायरिंग वेगळं आहे. नेहमीचा एसएमपीएस वापरायचा असेल तर त्या मॉडेलसाठीच केलेली २४ ते ८ पिनची जोडकेबल मिळते, ती घ्या. या मशिनींत हार्ड डिस्कची पॉवर केबल बोर्डावरून येते हेही मुलांना दाखवा, नाहीतर ते एसएमपीएसमधून येणारी केबल शोधत राहतात.

पोवई नाका | मंगळवार, दुपारी ४:२०

वर्गात तशाच चार मशिनी आहेत, त्यांना वेगळी चिठ्ठी लावतो. आता दोष शोधण्याचं. "चालू होत नाही" एवढंच मुलं सांगतात. तक्त्यावर दोन-तीन ओळींत मावेल असं काही?

मिरज जंक्शन | मंगळवार, सायंकाळी ५:१५

लक्षणावरून जा. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच नाही: आधी सीपीयूची ८ पिन लावली आहे का बघा. २४ पिनवर बोर्ड जागा होतो, पण प्रोसेसरला वीज सीपीयूच्या केबलमधूनच जाते. ती लावलेली असेल तर रॅम, मग मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लागली आहे का. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार दिवे असतात, जो लागून राहील तिथे दोष.

एक क्षण फिरून लगेच बंद: शॉर्ट. बोर्डाखाली जास्तीचा स्टँडऑफ राहिला आहे का, स्क्रू पडला आहे का, केबल चुकीची आहे का. अजिबात हालचाल नाही: समोरच्या बटणाची वायर, एसएमपीएसचं मागचं बटण, आणि मग मल्टिमीटर.

मल्टिमीटर असा लावायचा. डीसी २० व्होल्टवर, काळी काडी कुठल्याही काळ्या वायरीच्या पिनेला, लाल काडी कनेक्टरच्या मागून वायरीशेजारून आत. कनेक्टर बोर्डालाच लावलेला ठेवायचा. जांभळी: मशीन बंद असताना ५ व्होल्ट. नसेल तर एसएमपीएस गेला किंवा मेन्स येत नाही. हिरवी, १६ नंबर: बंद असताना साधारण ३ ते ५ व्होल्ट, बटण दाबल्यावर शून्याजवळ. खाली येत नसेल तर बोर्ड किंवा बटण एसएमपीएसला "उठ" म्हणतच नाही. करडी, ८ नंबर: चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्ट. येत नसेल तर एसएमपीएस स्वतःच म्हणतोय की माझे व्होल्टेज ठीक नाहीत, आणि बोर्ड रिसेटमध्येच अडकून राहतो. जांभळी, हिरवी, करडी या क्रमानं गेलं की दोष एसएमपीएसचा की बोर्डाचा, हे पाच मिनिटांत कळतं.

मग मुख्य व्होल्टेज: १२ चे ११.४० ते १२.६०, ५ चे ४.७५ ते ५.२५, ३.३ चे ३.१४ ते ३.४७. पाच टक्के इकडे-तिकडे. ही मोजणी लोडवर करायची. नुसत्या एसएमपीएसवर सगळे आकडे गोड दिसतात.

तासगावची | मंगळवार, सायंकाळी ५:४०

हिरवी-काळी तारेनं जोडून एसएमपीएस सुटा चालवायची युक्ती मुलांना इंटरनेटवर दिसतेच. ती करायची तर कनेक्टर बोर्डातून काढूनच. आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नये. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, आणि खराब एसएमपीएसचाही फिरतो.

जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असेल तर ते २३० वरच आहे ना, हे वायर लावण्याआधी बघा. ११५ वर ठेवून आपल्याकडे चालू केलं की धडामकन उडतो.

कुपवाड ब्लॉक | मंगळवार, रात्री ८:३०

मल्टिमीटरबद्दल मिरज जंक्शन यांनी छान लिहिलंय. एक पुरवणी. कॅबिनेटसोबत येणारे काही एसएमपीएस "५०० वॅट" म्हणतात, पण स्टिकरवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. १२ गुणिले अँपिअर, तेच त्याचं खरं बळ. त्यांच्या वायरी बारीक असतात आणि सीपीयूला फक्त ४ पिन असते. बोर्डाला ८ पिनचा सॉकेट असेल तर ४ पिन लावूनही ६५ वॅटचा प्रोसेसर सहसा चालतो. पण १२ व्होल्टचे दोनच संपर्क सगळा भार घेतात, म्हणून मोठ्या प्रोसेसरला तसं करू नका. बोर्डावर ८+४ असे दोन सॉकेट असतील तर आधी ८ भरा. जास्तीचा ४ नेहमीच्या वापराला रिकामा राहिला तरी चालतं.

आणि मोलेक्सपासून (जुन्या ४ पिनच्या डिस्कच्या कनेक्टरपासून) साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे जोड वर्गात आणूच नका. आतल्या वायरी ओतीव गाभ्यात एकमेकींजवळ येतात, शॉर्ट होतात आणि पेटतात. वायरी एकेक करून दाबून बसवलेला, मागून उघडा दिसणारा जोड त्यातल्या त्यात बरा. साटावरून ग्राफिक्सची ६ पिन करणारा जोड तर कचऱ्यात टाका. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टचे तीनच संपर्क, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनचं कार्ड त्यातून ७५ वॅट मागणार.

विटेकर भाऊ | मंगळवार, रात्री ८:५५

यूपीएसचं पण सांगा की ओ कुणीतरी. लाइट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. केबलचा दोष असतोय का त्यात?

गणपती पेठ | मंगळवार, रात्री ९:१०

केबलचा नसतो, भाऊ. एसएमपीएसनं मेन्स गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरणं अपेक्षित आहे. यूपीएस बदलायला काही मिलिसेकंद घेतो, तोवर पुरतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये तो कपॅसिटर छोटा असतो किंवा वाळलेला असतो, म्हणून बंद पडतं. उलट बाजूला अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (मेन्समधून करंट सारखा ओढायची सोय असलेला) महाग एसएमपीएस आणि चौकोनी लाटेचा छोटा यूपीएस ही जोडीही कधीकधी जमत नाही. लोड कमी करून बघा, यूपीएसची बॅटरी बघा. या धाग्यात एवढंच, नाहीतर पोवई नाका यांचा तक्ता राहील बाजूला.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४४

गाडी रुळावर आणण्याआधी सांगलीकरांसाठी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात गेलेल्या मशिनींचे सुटे भाग अजूनही विक्रीत दिसतात. बोर्ड धुऊन, सुकवून वाचू शकतो. एसएमपीएस वाचवू नका. गाळ आत राहतो, दमट हवेत परत ओला होतो, आणि आत मेन्सचं ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं. पुरातल्या केबली तर ओळखूही येतात. कनेक्टरच्या भोकांत टॉर्च मारला की तळाशी मातकट थर दिसतो आणि पिनांची चकाकी जाऊन त्या करड्या किंवा हिरवट झालेल्या असतात. तशी केबल वर्गात नको. मार्केट यार्डातल्या मशिनींत हळदीची पूड बसते, ती निदान ब्रशनं निघते.

पोवई नाका | बुधवार, सकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सूचना घेऊन क्रम बदललाय, बघा:

वायर काढा, बटण दाबून दिवा विझू द्या. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम लावा. टेबलावरच २४ आणि ८ पिन जोडून एकदा चालू करा. बंद करा, वायर काढा. स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळवा, जास्तीचे काढा. सीपीयूची केबल ओवून ठेवा, मग बोर्ड आवळा. ८ पिन, २४ पिन, बारीक वायरी, साटा, शेवटी ग्राफिक्स कार्ड आणि त्याची केबल. प्रत्येक खटका डोळ्यांनी बघा. अडलं तर थांबा.

बारीक वायरी मी ग्राफिक्सच्या आधी घेतल्या, कारण कार्ड बसल्यावर खालच्या कोपऱ्यात हात जात नाही.

कराडची लेक | बुधवार, सकाळी ८:१०

छान झालाय. टेबलावर चालू करण्याच्या ओळीत दोन गोष्टी घाला. एक, तिथे बटण नसतं, म्हणून समोरच्या पॅनेलच्या जागी ६ आणि ८ नंबरच्या पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या. सम नंबरांच्या ओळीत पिना २, ४, ६, ८ अशा येतात आणि १० ची जागा रिकामी असते, त्या रिकाम्या जागेवरून मोजायला मुलांना सोपं जातं. या दोन पिनांना अधिक-उणे नसतं. दिव्यांना असतं, तिथे उलटं लागलं तर दिवा लागत नाही, बाकी नुकसान काही नाही.

दोन, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, उदाहरणार्थ इंटेलचे नावात शेवटी एफ असलेले किंवा रायझन ५ ५६००, तर टेबलावरही कार्ड लावावं लागतं. नाहीतर स्क्रीन काळीच राहील आणि मुलं केबल बदलत बसतील.

वाईकर | बुधवार, सकाळी ८:२२

खोका लिहिलात ते बरं केलंत. बोर्डासोबतच्या चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करणारे खूप आहेत. त्या पिशवीचा थर थोडा वीजवाहक असतो.

मिरज जंक्शन | बुधवार, सकाळी ९:०५

टेबलावर चालवण्याच्या बाजूनं अजून एक कारण, वेळ जातो म्हणणाऱ्यांसाठी. टेबलावर चालून कॅबिनेटमध्ये बंद पडलं, तर दोष स्टँडऑफ, बारीक वायरी किंवा न बसलेला खटका या तिघांतच. टेबलावरच चालत नसेल तर कॅबिनेट सोडून बाकी सगळं. टेबलावर दहा मिनिटं जातात, पण शोधायची जागा निम्मी होते.

तासगावची | बुधवार, सकाळी ९:४०

ग्राफिक्सच्या ओळीत "२२५ वॅटच्या वरच्या कार्डाला दोन वेगळ्या केबली" एवढं बसेल का? एकाच केबलला दोन ८ पिनची टोकं असतात, ती दोन्ही एकाच कार्डात घातली की कार्डाचा सगळा भार एसएमपीएसकडच्या एकाच जोडावर येतो.

पोवई नाका | बुधवार, सकाळी १०:१५

बसवतो. ६ आणि ८ नंबरच्या पिनांचं छोटं चित्रही कोपऱ्यात काढतो. १६ पिनच्या नव्या ग्राफिक्स कनेक्टरची ओळ घालू का? वर्गात तसं कार्ड नाही.

कुपवाड ब्लॉक | बुधवार, सकाळी १०:४८

तक्त्यात नको, तोंडी सांगा. त्या कनेक्टरमधून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, म्हणून अर्धवट बसलेला अजिबात चालत नाही. प्लॅस्टिकची कड सॉकेटला पूर्ण टेकली पाहिजे, मध्ये रेघभरही फट नको, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटरच्या आत केबल वाकवायची नाही. २०२३ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत चार बारीक पिना आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर पूर्ण बसल्याशिवाय कार्ड वीज ओढत नाही. तशी कार्डं वर्गात येतील तेव्हा खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवा. तेवढी जागा मोकळी सोडा.